दोन तांबे पाणी: एनबीएमच्या अठरा तासांत चढलेलं सोडियम

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला ऑर्थोच्या वॉर्डातून फोन आला. "सर, सात नंबरचे पेशंट असंबद्ध बोलायला लागलेत. सकाळी ठीक होते. टेबलवर घेण्याआधी एकदा बघून जाता का?" खुब्याचं हाड मोडलेला माणूस असं बोलू लागला की फिजिशियनच्या डोक्यात ठरावीक गोष्टी येतात. वेदनाशामक इंजेक्शनची गुंगी, चरबीचे कण फुप्फुसात किंवा मेंदूत अडकणं, डोक्याचा नजरेतून सुटलेला मार, रोजची दारू अचानक तुटणं. यातलं काहीच निघालं नाही. जे होतं ते खाटेच्या कडेला लटकत होतं, आणि रात्रभर सगळ्यांनी ते पाहिलंही होतं.

रुग्ण ५८ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. वजन ६० किलो. वॉर्डात सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही तेच म्हणतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शुक्रवारी संध्याकाळी स्कूटरवरून पडले, डाव्या खुब्याचं फ्रॅक्चर. ऑपरेशन शनिवारी सकाळी आठला ठरलं, म्हणून रात्री दहापासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काही नाही. सकाळी इम्प्लांटचा सेट वेळेवर पोचला नाही. मग एक सिझेरियन मध्ये घुसलं. आठचे बारा झाले, बाराचे चार. एनबीएमची पाटी मात्र खाटेला तशीच. "सलाईन चालू आहे ना" या एका वाक्यावर सगळे निर्धास्त होते.

मी पाहिलं तेव्हा मास्तरांची जीभ लाकडासारखी कोरडी होती. नाडी ११२, रक्तदाब १०४/७०. नाव सांगितलं, वार चुकला, आणि मला शाळा तपासायला आलेले साहेब समजून उठून बसायला लागले. युरिन बॅग गच्च भरलेली आणि आतली लघवी नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ. "सर, ही तिसरी बॅग," सिस्टर म्हणाल्या. तक्त्यावर अठरा तासांत पाच लिटर लघवी मांडलेली होती, आणि शेजारी ड्यूटी डॉक्टरांचा शेरा: युरिन आउटपुट उत्तम.

दारात त्यांची पत्नी उभी होती. "साहेब, यांना पाणी का देत नाहीत हो? घरी हे उशाला दोन तांबे भरून ठेवतात. पहाटेपर्यंत दोन्ही रिकामे. रात्री मी तीनदा विचारलं, सिस्टर म्हणाल्या, काकू, ऑपरेशन आहे, घोटभरही द्यायचं नाही." हे कधीपासून, असं मी विचारलं. सात-आठ वर्षं तरी झाली असतील, म्हणाल्या. शुगर दोनदा तपासून झाली, नॉर्मल निघाली, मग सवय म्हणून सोडून दिलं. आणि गोळ्या? पिशवीतून एक पट्टी निघाली. लिथियम कार्बोनेट, मनाचा तोल सांभाळणारं औषध, ३०० मिलिग्रॅम, दिवसाला तीन. सतरा वर्षं. भरतीच्या कागदावर त्याची नोंद एवढीच होती: "मनाच्या गोळ्या चालू."

रक्तातलं सोडियम १५९ आलं. शुक्रवारी ते १४४ होतं, म्हणजे मर्यादेच्या आत, पण वरच्या काठाला टेकलेलं. तिथेच कोणीतरी भुवई उंचवायला हवी होती. शुगर ११८, पोटॅशियम ४.१, कॅल्शियम ९.४. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.४, म्हणजे थोडं चढलेलं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सोडियम १५९, म्हणजे शरीर पाण्यासाठी टाहो फोडतंय. अशा वेळी निरोगी मूत्रपिंड लघवी अगदी थोडी आणि गडद पिवळी करतं, विशिष्ट गुरुत्व १.०३० च्या आसपास. मास्तरांच्या लघवीचं पट्टीवरचं गुरुत्व होतं १.००५. घरात पाण्याचा ठणठणाट आणि मोरीतून पाणी वाहतंय, असा प्रकार.

हे कसं होऊ शकतं ते समजायचं तर पाणी एरवी परत कसं येतं, ते आधी पाहावं लागतं.

दिवसाला साठ वेळा दिवाळीची साफसफाई

प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, म्हणजे एक गाळणी आणि तिला जोडलेली बारीक नलिका. त्यांच्या तोंडाशी असलेल्या गाळण्यांमधून मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचे होतात १८० लिटर. शरीरात रक्तद्रव असतो तीनच लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. या १८० लिटरमध्ये सुमारे दीड किलो मीठ आणि १८० ग्रॅम साखर विरघळलेली असते. हे सगळं वाहून गेलं असतं तर अर्ध्या तासाच्या आत रक्तद्रव संपला असता. शरीराची ही रीत पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला वेडगळ वाटली होती. कचरा वेचून बाहेर टाकायचा सोडून घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं आणि हवं तेवढं परत आत न्यायचं. पण या पद्धतीत एक सोय आहे. नको असलेला प्रत्येक पदार्थ ओळखावा लागत नाही. जे परत आत नेलं नाही, ते आपोआप गेलं.

सामान परत नेण्याचं सर्वांत मोठं काम नलिकेच्या सुरुवातीच्या वळणदार भागात होतं. तिथल्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियमचे पंप अखंड चालू असतात. ते पेशीतलं सोडियम रक्ताकडे ढकलतात, त्यामुळे पेशीत सोडियमची टंचाई राहते. नलिकेतलं सोडियम त्या टंचाईकडे ओढलं जातं आणि येताना साखर, अमिनो आम्लं असे सोबती घेऊन येतं. मागोमाग पाणी. एकूण पाणी आणि सोडियम यांचा दोन तृतीयांश भाग इथेच परत जातो आणि साखर जवळपास सगळी. मात्र पाणी आणि मीठ इथे जोडीने जातात. म्हणून उरलेला द्रव कमी होतो, पण त्याची दाटी रक्ताइतकीच राहते. मास्तरांचा हा भाग ठीक होता. पट्टीवर लघवीत साखर नव्हती, प्रथिनंही नव्हती.

पुढे हेन्लेचा वळसा. याकोब हेन्ले या जर्मन शरीररचनाकाराने १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. खाली जाणाऱ्या पायातून पाणी बाहेर पडतं, मीठ फारसं नाही. वर येणाऱ्या जाड पायातून मीठ बाहेर काढलं जातं, पण पाण्याला तिथे वाटच नाही. नलिकेत हा एकच मोठा टप्पा असा आहे की जिथे पाणी आणि मीठ यांची ताटातूट होते. त्याचे दोन परिणाम. आसपासचा मूत्रपिंडाचा गाभा खारट होत जातो, पार तळाशी १२०० मिलिऑस्मोलपर्यंत (द्रवात विरघळलेल्या कणांची दाटी मोजायचं हे एकक), म्हणजे रक्ताच्या चौपट (या खारटपणात युरियाचाही वाटा असतो). आणि नलिकेतून पुढे जाणारा द्रव रक्ताहून पातळ होतो, १०० च्या आसपास. दोन विरुद्ध प्रवाह शेजारून वाहत असतील तर छोटासा फरक टप्प्याटप्प्याने वाढवत नेता येतो, ही कल्पना बाझलच्या वेर्नर कून यांनी १९४२ मध्ये मांडली. मूत्रपिंडाच्या अभ्यासात इतकं देखणं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

इथपर्यंत सुमारे ऐंशी टक्के पाणी परत गेलेलं असतं आणि त्यासाठी मेंदूला विचारावं लागत नाही. विचारावं लागतं ते शेवटच्या वाट्यासाठी. पातळ द्रव शेवटच्या, संग्राहक नलिकेतून पुन्हा त्याच खारट गाभ्यातून खाली उतरतो. बाहेर खारट, आत पातळ. पाणी बाहेर पडायला आसुसलेलं असतं, अडतं फक्त दारापाशी. रक्त थोडं जरी दाट झालं तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सुटतं. ते संग्राहक नलिकेच्या पेशींना संदेश देतं, पेशीत साठवलेल्या पिशव्या पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्यातली अ‍ॅक्वापोरिन-२ नावाची प्रथिनं भिंतीत बसतात. हीच पाण्याची दारं. पाण्यासाठी अशी स्वतंत्र वाट असते, हे पीटर अ‍ॅग्री यांनी १९९२ च्या सुमाराला दाखवलं आणि त्यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. सुरुवातीच्या नलिकेत अ‍ॅक्वापोरिन-१ ची दारं कायम उघडी असतात. शेवटची, दोन नंबरची, हुकमाशिवाय उघडत नाहीत. ती सगळी उघडली की दिवसाची लघवी अर्ध्या लिटरवर येऊ शकते. सगळी मिटली तर अठरा-वीस लिटरवर जाते.

मास्तरांचं बिघडलं होतं ते इथे. मेंदू ओरडून सांगत होता, पण दारंच शिल्लक नव्हती.

लिथियम आत कसं शिरतं

लिथियम आवर्तसारणीत सोडियमच्या डोक्यावर बसलेलं आहे आणि नलिकांना दोघांतला फरक फारसा कळत नाही. संग्राहक नलिकेच्या पेशींना सोडियम आत घेण्याची एक वाट असते, तिच्यातून लिथियम सोडियमइतक्याच, किंबहुना जास्त सहजतेने आत येतं. गंमत पुढे आहे. सोडियमला पलीकडून बाहेर काढणारा पंप लिथियमला नीट पकडत नाही. ते पेशीत साचतं आणि साचत गेलं की अ‍ॅक्वापोरिन-२ तयार होणंच घटतं. व्हॅसोप्रेसिन कितीही आलं तरी पाणी परत जात नाही. अनेक वर्षं लिथियम घेणाऱ्यांत कमी-अधिक प्रमाणात हे बऱ्याचदा दिसतं. बहुतेकांना रात्री दोनदा उठावं लागतं एवढाच त्रास होतो, आणि तो कोणी डॉक्टरला सांगत नाही.

मास्तर घरी रोज साताठ लिटर लघवी करत होते आणि तेवढंच पाणी पीत होते. रक्त दाट झालं की व्हॅसोप्रेसिनबरोबर तहानही लागते. एक यंत्रणा बंद पडली तेव्हा दुसरीने सात-आठ वर्षं सगळा भार एकटीने उचलला. ते दोन तांबे म्हणजे त्यांचं औषध होतं. आम्ही शुक्रवारी रात्री दहाला ते बंद केलं.

सलाईनने काय केलं

"पण साडेतीन लिटर सलाईन दिलं होतं," ऑर्थोचे डॉक्टर म्हणाले. बरोबर आहे, आणि माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. आपण सलाईनला पाणी समजतो. ते पाणी नाही. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या नेहमीच्या सलाईनमध्ये सोडियम-पोटॅशियम मिळून १३४.

मी तिथेच तक्त्यामागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. साठ किलोच्या पुरुषाच्या शरीरात पाणी धरू ३६ लिटर. सुरुवातीचं सोडियम १४४, म्हणजे गुणाकार केला तर ५,१८४ चा साठा. आत गेलं: दोन लिटर रिंगर, दीड लिटर सलाईन, मिळून साडेतीन लिटर पाणी आणि सुमारे ५०० क्षार. बाहेर गेलं: पाच लिटर लघवी. तिच्यातलं सोडियम-पोटॅशियम तपासलं तर लिटरला ५० निघालं, म्हणजे फक्त २५० क्षार. श्वास आणि घामातून गेलेलं ७०० मिलिलिटर पाणी वेगळं. क्षार २५० ने वाढले, पाणी २.२ लिटरने घटलं. ५,४३४ भागिले ३३.८. उत्तर १६० आणि वर थोडं. प्रयोगशाळेने १५९ सांगितलं होतं.

म्हणजे सोडियम चढायला नुसतं पाणी तोडणं कारण नव्हतं. लघवीतून जवळजवळ पाणी जात होतं आणि आम्ही त्याच्या बदल्यात मिठाचं पाणी भरत होतो. आणखी एखादं सलाईन जोरात सोडलं असतं तर आकडा अजून वर गेला असता, आणि दरवेळी शेरा तोच पडला असता, युरिन आउटपुट उत्तम.

माझी चूक

ऑपरेशन पुढे ढकललं. पाण्याची तूट काढली: ०.६ गुणिले ६०, गुणिले (१५९ भागिले १४०, वजा १), म्हणजे पाच लिटरच्या जरा आत. ही झाली जुनी उधारी. शिवाय तासाला २८० मिलिलिटर लघवी चालूच होती, तिचा खर्च वेगळा. सोडियम चढून एक दिवसही झालेला नव्हता, त्यामुळे ते अगदी मुंगीच्या पावलांनी उतरवायची गरज नव्हती. तरी २४ तासांत दहाच्या आसपास उतरवायचं ठरवलं, कारण मेंदूच्या पेशी दाट रक्ताशी जुळवून घ्यायला कधी सुरुवात करतात ते कोणी घड्याळ लावून सांगू शकत नाही.

मी पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी लिहिलं, तासाला ५०० मिलिलिटर. साखर पेशींत जाते, मागे उरतं ते नुसतं पाणी. कागदावर बिनचूक. रात्री साडेनऊला शुगर २६४ आली आणि लघवी तासाला ४०० झाली. तासाला २५ ग्रॅम साखर, तीही हाड मोडलेल्या, ताणाखालच्या शरीराला. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की सुरुवातीच्या नलिकेतले साखर उचलणारे वाहक अपुरे पडायला लागतात. त्यांची संख्या ठरलेली आहे, जास्तीचं काम आलं म्हणून ते जास्तीचे हमाल लावत नाहीत. उरलेली साखर लघवीत जाते आणि पाणी ओढून नेते. मास्तरांच्या नलिकेतला एक भाग बिघडलेला होता, मी दुसरा स्वतःच्या हाताने ओव्हरलोड केला.

डेक्स्ट्रोज तासाला १०० वर आणलं, राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी घातली आणि तिच्यातून दर तासाला २०० मिलिलिटर साधं पिण्याचं पाणी सुरू केलं. बाटलीचं नाही, इंजेक्शनचं नाही, वॉर्डाच्या फिल्टरचं. पहाटेपर्यंत शुगर १४० च्या खाली. रविवारी दुपारी चारला सोडियम १४९. मास्तरांनी डोळे उघडून पत्नीला विचारलं, स्कूटर कुठे आहे. ट्यूब काढली, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि त्यापुढचा हिशेब त्यांच्या तहानेने आमच्यापेक्षा चांगला केला. सोमवारी सकाळी १४३.

त्याच दिवशी डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन देऊन पाहिलं. हे व्हॅसोप्रेसिनचंच बनवलेलं भावंड. दोष पीयूषिकेत असता तर यानंतर लघवीची दाटी दीडपट किंवा त्याहून जास्त वाढली असती. पुण्याच्या लॅबमधून आकडे आले: आधी १६८, नंतर १८१. मूत्रपिंडाला हुकूम ऐकूच येत नव्हता, यावर शिक्कामोर्तब. पाणी तोडून करायची नेहमीची चाचणी इथे करायचं कारण नव्हतं, ती आम्ही शुक्रवारी रात्रीच नकळत करून बसलो होतो. एक सावधगिरी सांगतो. पाणी जोरात चालू असताना हे इंजेक्शन देऊ नये. मूत्रपिंडाने ऐकलं तर लघवी एकदम थांबते आणि सोडियम धडाधड खाली येतं.

या आजाराचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. त्यातल्या "डायबेटिस"मुळे होणारे घोटाळे पाहून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने नाव बदलायचं सुचवलं, आता व्हॅसोप्रेसिनची कमतरता आणि व्हॅसोप्रेसिनला अवरोध असे दोन प्रकार म्हणायचे. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांत उदकमेह आहे, पाण्यासारखी, गंध नसलेली, भरपूर लघवी. आमच्या सिस्टरना हे तिसरं नाव लगेच लक्षात राहिलं.

पुढे

ऑर्थोच्या ऑर्डरमध्ये डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक होतं, ते आधी खोडलं. या जातीची औषधं लिथियमची रक्तातली पातळी वाढवतात आणि १.४ क्रिएटिनिनच्या मूत्रपिंडाला तशीही ती नकोतच. मास्तरांची गाळणी एव्हाना मिनिटाला ५८ वर आलेली होती, म्हणजे दिवसाला १८० नव्हे, ८५ च्या आत लिटर.

ऑपरेशन मंगळवारी झालं. यादीत पहिला नंबर. भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी, ते चालतं, भूलतज्ज्ञांनाही मान्य होतं. टेबलवर गरजेपुरतंच सलाईन, सोबत हळू डेक्स्ट्रोज, दर चार तासांनी सोडियम. शुद्धीवर येऊन गिळता यायला लागल्याबरोबर तांब्या. सोडियम १४१ ते १४६ च्या मध्ये राहिलं.

लिथियम बंद करायचं का? ऑर्थोचं मत होतं लगेच करा. मी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. सतरा वर्षांपूर्वी मास्तरांना दोनदा भरती करावं लागलं होतं, एकदा जीव द्यायला निघाले होते. लिथियम सुरू झाल्यापासून एकदाही नाही. मूत्रपिंडाचे लोक हा हिशेब पटकन विसरतात, मीही विसरलो असतो. गोळी ठेवली, पण दिवसातून तीनदा ऐवजी रात्री एकदाच, पातळी खालच्या मर्यादेकडे. म्हणजे दिवसातला बराच वेळ नलिकेला थोडी उसंत मिळते.

जोडीला अ‍ॅमिलोराईड. लिथियम ज्या वाटेने पेशीत शिरतं, नेमकी तीच वाट हे औषध बुजवतं. गावात मिळेना, पुण्याहून मागवलं. याची एक बहीण गोळी आहे, थायझाईड. ती लघवी वाढवणारी, पण या आजारात लघवी कमी करते, हे १९५९ पासून माहीत आहे. विद्यार्थ्यांना विचारलं की सगळे गोंधळतात. थायझाईडने थोडं मीठ जातं, शरीर सावध होतं आणि सुरुवातीची नलिका जास्त पाणी-मीठ परत ओढायला लागते. शेवटच्या बिघडलेल्या दारापर्यंत पाणी पोचतंच कमी. पण सुरुवातीची नलिका सोडियम समजून लिथियमही ओढते, पातळी चढते, म्हणून मास्तरांना ती टाळली.

फाईलच्या पहिल्या पानावर आणि खिशातल्या कार्डावर मराठीत लिहून दिलं: "यांचं पाणी बंद करू नये. करावंच लागलं तर सलाईनवर विसंबू नये, दर चार तासांनी सोडियम पाहावं." पत्नीने त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि एक स्कूटरच्या डिकीत ठेवली.

तीन महिन्यांनी मास्तर काठी घेऊन चालत आले. लघवीची दाटी २४०, पोटॅशियम ४.८, क्रिएटिनिन तेवढंच. चोवीस तासांची लघवी मोजून आणायला सांगितली होती. त्यांनी ती वेळेसह वहीत मांडून आणली होती, बेरजेखाली दोन रेघा मारून: ४,३०० मिलिलिटर. रात्री किती वेळा उठता, विचारलं. पत्नीने दोन बोटं दाखवली. मास्तरांनी दुरुस्ती केली, दीड, कारण दुसऱ्यांदा उठतात ती पहाट असते.